मळ्यातल्या नारळावर पंचफुला

पंचफुला आणि तिचा नवरा दत्तराव १९७६ च्या दिवाळीनंतर कोकणातून राणीसावरगावला परत आले. चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात बौद्धवाड्यातली पाच-सहा घरं कामासाठी बाहेर पडली होती. बाकीचे पुण्याच्या बाजूला गेले आणि हे दोघं एका मुकादमाच्या मागं वेंगुर्ल्याकडं, रस्त्याच्या खडीकामाला. परत आले तेव्हा दत्तराव डावा पाय फरफटत चालत होता. पंचफुलाच्या गाठोड्यात भांड्यांबरोबर नारळ खवायची विळी होती, टोकाला दातेरी चकती असलेली. तसली विळी गावात कुणी पाहिली नव्हती.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा मानवतचा. या हकिकतीतला बराच भाग मी डोळ्यांनी पाहिला आणि राहिलेला पंचफुलानं मला पुढं सांगितला. ती वाढवून सांगणारी बाई नव्हती. खोदून विचारल्याशिवाय ती बोलतच नसे.

पाय कशानं गेला असं कुणी विचारलं की दत्तराव सांगायचा, खडीच्या ट्रकवरून पडलो. खरं तसं नव्हतं. रस्त्याचं काम संपल्यावर दोघं एका बागायतदाराच्या वाडीत राहिले. तिथं दत्तराव माडावर चढून नारळ पाडायला शिकला. मराठवाड्यातला माणूस माडावर चढतो याचं तिथल्या लोकांनाही नवल वाटायचं आणि दत्तरावलाही त्याचा ताठा होता. तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, शेवाळलेल्या खोडावरून त्याचा पाय सुटला. कमरेचं हाड मोडलं. बागायतदार वाईट माणूस नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, की खोली काम करणाऱ्याला आहे. पाडणी थांबली तर खोली सोडावी लागेल.

मोडक्या कमरेच्या माणसाला हलवणार कुठं? पंचफुला म्हणाली, "मी चढते."

दत्तराव ओरडला, शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली बाज अंगणात आणवली आणि पडल्या पडल्या बायकोला शिकवायला लागला. काथ्याच्या दोरीचा वेढा दोन्ही पायांत घालायचा, तळव्यांनी खोड आवळायचं, मग अंग वर ओढायचं. "पायानं धर. हात नुसते सोबतीला असतेत," असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा.

"पयल्या दिवशी अर्ध्यावर गेले आन् खाली बगितलं," पंचफुलानं मला सांगितलं. "झाड हालायलंय का मी कापायलेय, तेच कळंना, गुरुजी."

तरी तिनं अख्खा हंगाम काढला. लोकांची वर्दळ सुरू व्हायच्या आत ती चढून-उतरून मोकळी व्हायची. गावाकडं निघताना दत्तरावनं तिच्याकडून शब्द घेतला. "हे गावात कळू द्यायचं न्हाई. बायको झाडावर आन् नवरा खाली बसून खातोय, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं न्हाई." पंचफुलानं शब्द दिला.

आमच्या गावात नारळाचं झाड एकच होतं, ओढ्याकाठी वीरुपाक्षअप्पांच्या मळ्यात. वीरुपाक्षअप्पा लिंगायत, किराणा दुकानाचे मालक, वय चाळिशीच्या आतबाहेर. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा यात्रेहून कोंब फुटलेला नारळ आणला आणि विहिरीजवळ लावला. काळ्या रानात नारळ येतो होय, म्हणून लोक हसले. झाड आलं आणि चांगलं तीस हात वाढलं. पण त्यावर चढणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीत नव्हता. आपोआप खाली पडेल तो नारळ महादेवापुढं फुटायचा.

पंचफुला त्याच मळ्यात खुरपायला जायची. अप्पांची आई नागुबाई हिवाळ्यात उन्हाला म्हणून तिथं येऊन बसायची. एकदा पडलेला नारळ तिनं पंचफुलाच्या हवाली केला आणि विचारलं, "कोकणातली मानसं ह्याचं काय करतेत गं?" पंचफुलानं घरून विळी आणली. नारळ खवला, वाटला, फडक्यातून पिळला. त्या घट्ट पांढऱ्या दुधात गूळ आणि थोडी वेलची घालून वाटी म्हातारीच्या हातात दिली. नागुबाईनं इकडं तिकडं पाहिलं. मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. तिनं वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. घरी मात्र बोलली नाही. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं खाल्लं हे तिच्या घरात सांगण्यासारखं नव्हतं.

पुढच्या चैत्रात नागुबाईला ताप आला. ताप उतरला, पण तोंड आलं ते घशापर्यंत. जीभ सोललेली, पाणी गिळतानाही डोळ्यांतून धार. भाकरी सुटली. भाताची पेज नको झाली. गाईचं दूध पोटात ठरेना. गंगाखेडच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि तिखट-आंबट टाळून मऊ काहीतरी पोटात जाऊ द्या, म्हणून सांगितलं. पण काय? म्हातारी मान फिरवून पडून राहायची. एके दिवशी ती सुनेला, महानंदाला, म्हणाली, "पंचफुलाला बोलवा. तिला नारळाचं दूध करता येतंय."

महानंदानं पंचफुलाला बोलावलं, पण अंगणापर्यंतच. पंचफुलानं अंगणात उभं राहून सांगायचं आणि महानंदानं आत चुलीशी करायचं, असं ठरलं.

"पयलं दूध येगळं काढून ठेवा, वैनी. चोथ्यात कोमट पानी घालून दुसरं पिळा. दुसऱ्या दुधात भात शिजवा, लय मऊ. पयलं शेवटी घाला. आन् उकळी फुटू देऊ नका."

आतून महानंदा म्हणाली, "किती वेळ ठेवू?"

"मला दिसंना हितून. कडंला बारीक बुडबुडे आले का?"

"आले वाटतं."

"उतरवा, उतरवा!"

तोवर उकळी फुटलेली असायची. दूध फाटायचं, वर तेल आणि खाली चोथा. दोन नारळ असे गेले. तिसऱ्याला जरा जमलं, म्हातारीच्या पोटात चार घास गेले. मग पडलेले नारळ संपले. अप्पा एस.टी.नं गंगाखेडला जाऊन पाच नारळ घेऊन आले. पूजेसाठी महिनोन्‌महिने दुकानात पडलेला माल तो, चार खवट निघाले आणि एकात पाणीच नव्हतं. खवट दुधाचा घोट नागुबाईच्या तोंडात गेला तसा तिनं टाहो फोडला.

झाडावर पंधरा-वीस पिकलेले नारळ होते. खालून मोजता येत होते.

पंचफुला रोज खुरपता खुरपता वर बघायची. एका संध्याकाळी ती दत्तरावला म्हणाली, "म्हातारी तीन दिस झाले काई खायना."

"मग?"

"मग काई न्हाई."

दत्तरावनं दुखरा पाय उचलून बाजेवर घेतला. "शब्द दिलायस तू," म्हणाला आणि कूस वळवून पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरुपाक्षअप्पा स्वतःच झाडावर चढले. तरुणपणी त्यांनी तालीम केली होती, अंगात रग होती आणि आईचे हाल बघवत नव्हते. दोन शिड्या एकीला एक बांधून झाडाला लावल्या, त्या अर्ध्यापर्यंत पोचल्या. पुढं दोरीचा वेढा करून, खोडाला मिठी मारत, कमरेला कोयता खोचून ते शेंड्यापर्यंत गेले. शाळा वैशाखाची बंद होती, म्हणून मीही बघ्यांत होतो. अप्पांनी झावळीच्या बुंध्याला हात घातला तसा लोकांनी गलका केला. त्यांनी कोयता उपसून झावळीत रोवला, एक पाय देठावर टाकायला वर उचलला, आणि पायातली दोरी निसटून खाली आली. विहिरीच्या काठावर येऊन पडली.

अप्पांनी ती पडताना पाहिली. तिच्या मागोमाग त्यांची नजर खाली आली, ती थेट आमच्यापर्यंत. त्यानंतर त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी खोड कवटाळलं. एक पाय वाळक्या देठावर, दुसरा लटकता.

"अप्पा, हळूहळू घसरत या!" कुणीतरी ओरडलं.

अप्पांनी कपाळ खोडाला टेकवलं.

शिडीच्या टोकापासून ते निदान बारा हात वर होते. एक गडी शिडीवर चढला, शेवटच्या पायरीवरून हात वर केला आणि तसाच उतरला. दुसरा मोटारसायकल घेऊन गंगाखेडला लांब शिडी आणायला पळाला. जाऊन येऊन दोन तास तरी लागणार होते. आणि पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं. वैशाखातलं वळवाचं वारं कसं येतं ते आम्हाला माहीत होतं. पत्रे उडतात, लिंबं मोडून पडतात. ओढ्याच्या पलीकडं धुळीची भिंत उभी राहिलेली दिसत होती. महानंदा झाडाखाली बसून कपाळ बडवून घेत होती.

शेजारच्या पट्टीत काम करणारी पंचफुला बांधावर येऊन उभी राहिली. तिनं वर पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. मग मळ्यातल्या खोपीत गेली, बाजेचं सुंभ विळ्यानं कापलं आणि झाडाकडं येत येतच त्याला पीळ देऊन वेढा करायला लागली. पदर कमरेला खोचला. ओचा मागं आवळून बांधला.

"मोटंचा नाडा आना," ती म्हणाली. "पातळ आन् लांब आसंल त्यो."

"काय करायलीस गं?" दत्तरावचा चुलतभाऊ सिताराम पुढं आला. "बाईमानूस हायस तू. हसू करून घ्यायलीस का?"

ती शिडीवर चढून गेलीसुद्धा. कुणीतरी आणून दिलेल्या मोटेच्या दोराचं, नाड्याचं, टोक तिनं कमरेला बांधलं होतं, बाकीचा नाडा मागून सरसरत होता. शिडीच्या टोकाला पाय वेढ्यात घालून तिनं खोड धरलं आणि दोन हात वर सरकली. त्या सरकण्यानंच आमची तोंडं बंद झाली. हे पहिल्यांदा चढणाऱ्याचं सरकणं नव्हतं.

तेवढ्यात दत्तराव बांधावरून लंगडत आला. सगळे त्याच्याकडं वळले. सिताराम म्हणाला, "दत्ता, थांबव तिला. मरंल ती."

धापा टाकत दत्तराव तिच्या पायांकडं बघत होता. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हा आता मोठ्यानं शिवी देणार.

"पंचफुले!" तो ओरडला. "वेढा ढिला हाय! शिडीवर ये. आवळ आन् मग चढ!"

ती खाली सरकली, वेढा आवळला.

"आनखी एक पीळ! हां. साल वाळलीय तितली, सुटंल. दाबून बघ आन् मग भार टाक!"

ती वर निघाली. लोक दत्तरावकडं बघायला लागले, मग वर, मग पुन्हा दत्तरावकडं. त्याला ते कळत होतं. तो ओरडतच राहिला. "डावा! आता उजवा! थांब जरा. दम खा!"

वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा ती अप्पांच्या खाली हातभर होती. झाड वाकलं आणि सावकाश सरळ झालं. खाली बायका किंचाळल्या. वर ती खोडाला चिकटून राहिली होती. पुढचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही, ते तिच्याकडूनच कळलं.

"अप्पा, मी हाय. पंचफुला."

"कोन?" त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"तुमच्या मळ्यातली. डोळे उघडू नका. नाडा तुमच्या काखंतून घालायचाय. अंगाला हात लावावा लागंल."

"लाव."

"गळ्यातल्या लिंगालाबी लागंल हात."

अप्पांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "लागू दे, बाई. लागू दे."

तिनं लिंगाचा दोरा बाजूला सारून त्यांच्या सदऱ्यात नीट घातला. नाडा दोन जाड देठांच्या बेचक्यातून पलीकडं टाकला, त्यांच्या दोन्ही काखांखालून घेऊन पाठीवर गाठ मारली. खाली आम्ही दहा-बारा जणांनी दुसरं टोक धरलं. अप्पांचे गडी, बौद्धवाड्यातले सिताराम आणि पंडित, आणि मी. कोण कुणाला खेटून उभा आहे हे बघायला कुणाला वेळ नव्हता. दत्तराव आमच्या पुढं उभा राहिला. "मी म्हनल्याबिगर कुनी सोडायचं न्हाई," म्हणाला.

पण अप्पा हात सोडेनात. "सोडा, अप्पा," ती म्हणत होती. "खाली धा मानसं धरून हायती." ते मान हलवायचे आणि आणखी घट्ट आवळायचे. धूळ मळ्यात शिरली. डोळे उघडे ठेवणं कठीण झालं. दुसरा झोत आला, एक अख्खी झावळी मोडून विहिरीत कोसळली, आणि त्या आवाजातही वरून आलेली हाक आम्हाला सगळ्यांना ऐकू आली.

"वीरुपाक्ष! सोड!"

त्या गावात त्यांच्या आईशिवाय त्यांना असं कुणी बोलत नसे. अप्पांचे हात सुटले.

नाडा आमच्या हातांतून हिसकला. माझ्या तळव्याची कातडी गेली. सिताराम गुडघ्यांवर आला, पण सुटला नाही. "हळू! धरा! सोडा. धरा!" दत्तरावच्या हुकमावर आम्ही हात-हात करून अप्पांना खाली घेतलं. जमिनीला पाय लागले तसे ते बसले आणि तिथंच त्यांना उलटी झाली.

"पंचफुले, उतर!" दत्तराव ओरडला.

ती उतरली नाही. शेंड्यात अडकलेला कोयता तिनं उपसला होता.

"आगं वीज पडंल! उतर!"

"येते!" वरून आवाज आला आणि पाठोपाठ एक घड दाणकन खाली आला. आम्ही पांगलो. मग दुसरा. मग ती निघाली. खोडावरून ती सरळ, न थांबता आली. शिडीवर मात्र शेवटच्या चार पायऱ्यांवरून ती घसरलीच. दत्तरावनं तिला धरायचा प्रयत्न केला आणि दोघंही खाली बसले. वीज ओढ्याच्या पलीकडं पडली. थोडे थेंब आले आणि वाऱ्यानंच ते पळवून नेले.

महानंदा आधी नवऱ्याकडं गेली. मग उठली, दोन नारळ उचलले, पंचफुलाचा दंड धरला आणि तिला घराकडं घेऊन चालली. अंगणाशी आल्यावर पंचफुला सवयीनं थांबली.

"आत ये," महानंदा म्हणाली.

"वैनी, पाय माखल्यात."

"माखू देत."

त्या चुलीसमोर पंचफुला पहिल्यांदाच बसली. सोललेल्या हातांनी खवता येईना, म्हणून महानंदानं खवलं. पिळलं मात्र पंचफुलानं. भात दुसऱ्या दुधात असा शिजवला की कण बोटानं चिरडावा. लाकडं ओढून जाळ कमी केला. घट्ट दूध घातलं आणि ती पातेल्यावरून नजर न काढता ढवळत राहिली. कडेला बुडबुडा दिसताच पातेलं खाली. मीठ चिमूटभर. नागुबाईला महानंदानं टेकवून बसवलं. पहिला घास तिनं तोंडात तसाच धरून ठेवला. आम्ही दाराशी उभे होतो, अप्पाही. मग तिचा घसा हलला. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

ती वाटीभर जेवली. पुढं आठ-दहा दिवस पंचफुला रोज आत जाऊन करत होती, म्हातारीचं तोंड बरं होऊन ती ज्वारीच्या कण्यांवर येईपर्यंत.

गावात बोलणं झालंच. लिंगायतांच्या दोन घरांनी महानंदाकडचं हळदीकुंकू टाकलं. बौद्धवाड्यात सिताराम म्हणत होता, ज्यांनी अंगणात उभं केलं त्यांच्यासाठी जीव कशाला टांगायचा? पंचफुला त्याला एवढंच म्हणाली, "म्हातारी उपाशी होती." अप्पा मात्र महिनाभर तिच्यासमोर यायचं टाळत होते. ती दुकानात आली की ते आतल्या खोलीत जायचे. त्यांनी लुगडं पाठवलं, ते तिनं परत केलं.

आणि दत्तरावला ज्याची धास्ती होती ते बाजारच्या दिवशी झालं. चहाच्या हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बायको झाडावर आन् दत्त्या बुडाशी!" चार लोक हसले. मी तिथंच होतो. दत्तरावनं कप खाली ठेवला. "व्हय," तो म्हणाला. "ट्रकवरून न्हाई, माडावरून पडलो मी. मोडून पडल्यावर हिनं माडावर चढून मला जगवलं. आन् तिला शिकवलं मीच." कप उचलून त्यानं राहिलेला चहा संपवला. नंतर कुणी हसलं नाही.

नागुबाई त्यानंतर दीड वर्ष जगली. ती गेली तेव्हा तिच्या दिवसांच्या जेवणाला अप्पा स्वतः बौद्धवाड्यात बोलवायला आले. पंचफुलाच्या दारात उभे राहून तिच्याशी बोलण्याची ती त्यांची पहिली वेळ. "आईचं जेवन हाय," ते म्हणाले. "तुमी दोघं पंगतीला पायजेत." दत्तरावनं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "येतो."

अंगणात पंगत बसली. अप्पांनी दत्तरावला आपल्या शेजारी बसवलं. पंचफुला बायकांच्या पंगतीत, महानंदाच्या नणंदेजवळ. पानं वाढून झाली होती, भात वाढायला सुरुवात झाली होती. तेव्हा अहमदपूरकडून आलेले दोन पाहुणे पानावरून उठले, अप्पांना काही न बोलता चपला घालून निघाले. सगळी पंगत थांबली. वाढपी भाताचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला.

अप्पांनी पाहुण्यांना हाक मारली नाही. ते वाढप्याला म्हणाले, "वाढ. भात गार व्हायलाय."

बाकीचे सगळे जेवले.